हातांनी पाहिलेलं जकातघर

तिचं आडनाव फडके नव्हतं. पण गेली सव्वीस वर्षं खांद्यावर फडकं टाकून ती बंदरालगतच्या जुन्या जकातघरात झाडलोट करत होती, म्हणून सगळे तिला फडकेबाई म्हणत आणि तीही ओ देई. परक्या राजवटीत जहाजांचा माल तोलायला बांधलेली ती इमारत आता संग्रहालय झाली होती. लांबलांबून लोक बघायला येत. फडकेबाईचं त्यांच्याशी बोलणं एवढंच, "ओ दादा, हात नका लावू, डाग पडतात!"

एका गुरुवारी सकाळी अंधशाळेचे माजी विद्यार्थी आले. बाराजण, सगळे पन्नाशीपुढचे, आणि सोबत त्यांचे निवृत्त मास्तर, तेही अंध. नेमका गाइड तापाने आडवा. म्हणून संग्रहालयाच्या मॅडम स्वतः पुढे झाल्या. "समोरच्या चित्रात आपल्याला जुनं बंदर दिस..." इथवर आल्या आणि त्यांनी जीभ चावली.

मास्तर हसले. "चित्र राहू द्या हो. भिंत कशाची आहे, ते सांगा."

मॅडम हातातलं माहितीपत्रक चाळू लागल्या. कोपऱ्यात फरशी पुसणाऱ्या फडकेबाईला राहवेना. "खाली दगड, वर वीट. समुद्राकडची बाजू खारट आहे. कितीही पुसा, आठ दिवसांत मीठ फुटतं."

"चाखून बघितलीत की काय?"

"जिभेला कशाला लावू? हाताला कळतं ना!"

हशा पिकला. मॅडम म्हणाल्या, "बाई, तुम्हीच दाखवा यांना."

फडकेबाईने फडकं सावरलं. "अहो, मला सन-सालं कुठली ठाऊक!"

"सालं मी सांगते, बाकीचं तुम्ही. आणि आज हात लावू द्या सगळ्यांना."

सकाळीच घासलेल्या पितळी कठड्यावर पहिला हात पडला तेव्हा तिच्या काळजात चर्र झालं. पण ती बोटं इतकी हळुवार सरकत होती की तिचा जीव भांड्यात पडला. मग तिची भीड चेपली. "जिन्याची अकरावी पायरी खचलीय, जपून. हमालांच्या पायांनी झिजली म्हणतात." माणूस बसेल एवढ्या तराजूच्या पारड्यात पाहुण्यांतल्या एक बाई खरोखरच बसल्या, आणि बाकीच्यांनी दुसरं पारडं दाबून त्यांना वर उचललं. मॅडम सालं सांगत होत्या, पण माना फडकेबाईच्या आवाजाकडे वळत होत्या.

कारकुनांच्या लांबलचक लाकडी टेबलापाशी मास्तर थबकले. त्यांचा हात टेबलाच्या कडेखाली गेला होता. "बाई, हे काय कोरलंय?"

"तिथे काही नाही, मास्तर. रोज पुसते मी."

"वरून पुसता. खालून?"

फडकेबाई गुडघ्यावर बसली. बोटांना खाचा लागल्या. मॅडमनी मोबाइलचा उजेड टाकला. चाकूने कोरलेलं वीतभर गलबत होतं, शिडासकट. कोण्या कंटाळलेल्या कारकुनाने साहेबाची नजर चुकवून कोरलेलं असावं. आजवर एकाही डोळस माणसाला ते दिसलं नव्हतं. बाराहीजणांनी आळीपाळीने ते पाहिलं, आणि शेवटी फडकेबाईने डोळे मिटून पुन्हा एकदा.

घरी गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "आज मी लोकांना इतिहास दाखवला."

"तू? तुला कालची भाजी आठवत नाही!" तो हसला. त्याचं आयुष्य धक्क्यावर जहाजांचे दोर बांधण्यात गेलं होतं. सगळं ऐकून घेतल्यावर मात्र म्हणाला, "धक्क्यावरचे दगडी खुंट दाखवलेस का? दोरांनी घासून बोटभर खोल घळी पडल्यात त्यांना. गाठ कशी मारायची, ते मी दाखवेन की."

महिनाभरात दारावर पाटी लागली: दर दुसऱ्या गुरुवारी हात लावून बघायची सोय. पहिल्या फेरीला नवरा दोर घेऊन हजर झाला, तोही इस्त्रीचा शर्ट घालून. पुढे डोळस लोकही डोळ्यांवर पट्टी बांधून यायला लागले. मॅडमनी टेबलाखालच्या गलबताची रीतसर नोंद केली, शोधणारा म्हणून मास्तरांचं नाव घातलं.

आता किल्ल्याच्या आणि दीपगृहाच्या लोकांनीही फडकेबाईला अशीच फेरी घ्यायला बोलावणं धाडलंय. आयुष्य या शहरात गेलं, पण दोन्ही तिने बाहेरूनच पाहिलीत. म्हणून आधी स्वतः बघून घ्यायला येत्या रविवारी नवऱ्याला घेऊन ती दीपगृह चढणार आहे. गुडघे कुरकुरतात म्हणून तो जरा का कू करतोय, पण तिकिटं त्यानेच काढून ठेवलीत.