खालचं फळ वर काढणारे मामा

“अरे, वरचं काय पाहून राह्यला बे? खालचं काढ, खालचं!”

पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत मामा ओरडत होते आणि नागपूरचा एक व्यापारी कोपरापर्यंत ढिगात हात घालून उभा होता. ढीग मामांच्या स्वतःच्याच बागेतला. व्यापाऱ्याच्या हाती काही लागेना, तेव्हा मामा चबुतऱ्यावरून उतरले, बाही सरकवली आणि तळातून एक काळ्या डागाचं संत्रं काढून सगळ्यांपुढे धरलं. “हे पाहा. असे निघतीन थोडेसे. आता लावा बोली.” त्या दिवशी त्या ढिगाला मंडीतला सगळ्यात चढा भाव मिळाला.

मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते. ते हर्रास बोलायचे, म्हणजे लिलाव पुकारायचे, म्हणून अख्ख्या मंडीचे मामा. आवाज असा, की त्यांनी पांढुर्ण्यात बोली पुकारली की लोधीखेड्यातले बैल कान टवकारत आणि इटारसीकडे जाणारी मालगाडी, कुणी हटकलं असं समजून, थांबत असे. लोक म्हणतात, मी फुगवून सांगतो. मालगाडीचं थोडं फुगवलं आहे. बैलांचं खरं आहे.

“आपल्या मालाचा डाग आपणच दाखवावा,” हे त्यांचं वाक्य. यात साधुपणा किती आणि हुशारी किती, हे मला आजही सांगता येत नाही. जो स्वतःहून डाग दाखवतो त्याच्या ढिगात आणखी काही लपलेलं नसणार, असं व्यापारी धरून चालतो आणि डोळे मिटून बोली वाढवतो. ही रीत मामांनी घरातही चालवली. थोरल्याची सोयरीक ठरायच्या वेळी पाहुण्यांनी चहाचा कप तोंडाला लावला न लावला, तोच मामा म्हणाले, “पोट्टा घोरते. लय घोरते.” पाहुणे घाबरले, मग विचारात पडले, आणि संध्याकाळच्या आत सुपारी फुटली. दारू नाही, सट्टा नाही, नुसतं घोरणं. असा जावई कोण सोडतो?

मध्य प्रदेशातला आमचा पांढुर्णा जिल्हा नवाच झाला होता. त्या सुमाराला एक धर्मादाय संस्था आमच्याकडे फेलोशिप घेऊन आली. शिकून नुकत्याच कामाला लागलेल्या पोरापोरींना दोन वर्षं मानधन द्यायचं, शिकवायला जाणती माणसं द्यायची आणि आपल्याच भागात काही उभं करायला लावायचं. अख्ख्या जिल्ह्यातून जागा एकच. निवडायला दिल्लीच्या एक मॅडम, भोपाळचे एक सर आणि इथला एक जाणकार. जाणकार म्हणून मामांना बोलावलं, कारण मंडीत कुणालाही विचारलं तर त्यांचंच नाव ऐकू यायचं. आणि न विचारता ते स्वतः ऐकू यायचे.

शेवटच्या फेरीत दोघं उरलो. एक मी, आणि दुसरी मामांचीच मुलगी, प्रणाली. सौंसरच्या बाजूच्या गावांत संत्री तोडणाऱ्या आणि निवडणाऱ्या बायांचे गट करायचे, हे तिच्या डोक्यात फेलोशिपच्या आधीपासून होतं. स्कूटीवरून ती इतकी फिरली होती की त्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांनी तिच्यावर भुंकणं सोडून दिलं होतं. माझ्या डोक्यात त्या वेळी फक्त एवढंच होतं की ही जागा मिळाली तर घरचे ‘पुढं काय’ विचारायचं थांबतील.

मुलाखती सौंसरच्या एका मंगल कार्यालयात होत्या. साध्या खुर्च्या कुलपात राहिल्या होत्या, म्हणून आम्हा दोघांना स्टेजवरच्या नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्या मिळाल्या. असे आम्ही बसलेलो, आणि आतून भिंत ओलांडून मामांचा आवाज आला.

“मॅडम, आता माह्या पोट्टीचा नंबर आहे. मी बाहीर जाऊन बसतो.”

मॅडम काहीतरी म्हणाल्या असतील. मामांसमोर इतर कुणाचंच ऐकू येत नसे.

“पण जायच्या आधी सांगून देतो. बारावीत एकदा नापास झाली हे. मोठ्या मानसाईसमोर बोलाले अडखळते. आन एक काम हाती घेतलं का बाकीचे विसरून जाते. हे पाहून घ्या, मंग ठरवा.”

प्रणालीनं चपलेच्या अंगठ्याकडे पाहिलं. “बाबानं ढीग उकरला,” ती म्हणाली आणि आत गेली.

मामा दुपट्ट्यानं मान पुसत बाहेर आले आणि नवरीच्या खुर्चीत बसले. चेहरा असा, जसा संत्र्याचा आंबिया बहार दुप्पट आला. “झालं काम,” ते माझ्या कानाशी म्हणाले, म्हणजे अर्ध्या सौंसरला सांगितलं. “आता पाय, भाव कसा चढते.” मीही मंडीतच वाढलेला. मलाही वाटलं, गेली जागा. आता जायचंच आहे तर वाजतगाजत जावं म्हणून, मामा बाहेरच बसलेले असताना, मी आत जाऊन सांगितलं, की जाम नदीला पूर आला तेव्हा एक गाभण म्हैस खांद्यावर घेऊन मी सावरगावाला पोहत गेलो. मॅडमनी ते लिहून घेतलं.

जागा मला मिळाली.

मामा संत्र्यांची पेटी घेऊन माझ्या घरी आले. डागाचं फळ मुद्दाम सगळ्यांच्या वर ठेवलेलं. हसत म्हणाले, “तुह्या मालाले डागच नाही निघाला काय रे?” भोपाळला प्रशिक्षणात जेवताना सरांनी सहज सांगितलं, “हमारा तो लड़की पर तय था. पर जब पिता को ही भरोसा नहीं…” पुढचा घास मी किती वेळ चावला ते विचारू नका. त्या घासात म्हैसच होती.

हे मी मामांना सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नसावी. पुढच्या बहाराला त्यांचा स्वतःचा ढीग आला तेव्हा ते खाली उतरलेच नाहीत. हात न घालता नुसते उभे राहिले. मामा डाग दाखवत नाहीत म्हणजे आत नक्की काहीतरी भयंकर असणार, असं व्यापाऱ्यांनी ठरवलं आणि माल पडत्या भावात गेला. वर्षाच्या आत त्यांनी हर्रासाचा चबुतरा सोडला. मी मात्र फेलोशिपच्या कामासाठी प्रणालीच्याच रस्त्यांनी फिरत होतो. ज्या गावात जावं तिथल्या बाया आधी माझ्या मागं पाहायच्या आणि मग विचारायच्या, “प्रणाली काऊन नाही आली?” त्यांना मी दर वेळी नवी गोष्ट सांगितली. एकदा तर तिला परदेशात पाठवलं. ती सौंसरलाच होती, एका कापड दुकानात.

दोन वर्षं संपली. भोपाळला नोकरी लागली, म्हणून निरोप घ्यायला सौंसरला मामांच्या घरी गेलो. मामा ओट्यावर बसले होते. आवाज इतका उतरला होता की ऐकायला मला जवळ सरकावं लागलं.

“एक सांग. माह्या बोलण्यानं गेली का तिची जागा?”

“नाही हो मामा,” मी म्हणालो. “तुमचं बोलणं त्याईले समजलंच नाही. दिल्लीच्या मॅडमले आपली बोली कुठं येते? मले विचारत होत्या, हे काका कोणतं गाणं म्हणून राह्यले होते.”

जन्मभर म्हशी पोहवल्या, लोकांनी माना डोलावल्या. त्या दिवशी एवढंसं खोटं चालून जायला हवं होतं. मामांनी माझ्याकडे पाहिलं, ढिगाकडे पाहायचे तसं.

“वरचं फळ दाखवून राह्यला तू,” ते म्हणाले. शेजाऱ्यालाही ऐकू गेलं नाही.

प्रणाली फाटकापर्यंत सोडायला आली. मी म्हणालो, “मामाईनं तसं बोलाले नव्हतं पाहिजे. तुले राग नाही येत?”

तिनं कडी लावून घेतली.

“नापास तर मी झालीच होती, भाऊ.”