अंगणातली घोंगडी

अक्का गेल्या तेव्हा सगळ्यांना फोन मीच केले. रडायला सवडच नव्हती. आलेला प्रत्येक पाहुणा डोळे पुसता पुसता एकच विचारायचा, "ते औषधच नडलं का गं?" महिना उलटला तरी विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकते... नाही नडलं.

अक्का माझ्या थोरल्या जाऊ. आमची वस्ती तळेगाव ढमढेऱ्याच्या शिवारात. मेंढरं सासऱ्यांच्या काळातच गेली, पण पाहुणा आला की आधी घोंगडी पसरायची ही रीत राहिली. अक्का शिवणकाम करायच्या. अर्ध्या गावाच्या झंपरांची मापं त्यांना तोंडपाठ होती. एक दिवस मशीनच्या पायडलवरचा पाय उचलेना. शिरूरहून पुण्याला धाडलं, तिथं आजाराचं नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. जंतूंपासून राखणारी शरीराची ताकद उलटून मेंदू आणि मणक्यातल्या नसांवरच उठते. त्यातही अक्कांचा चढत जाणारा प्रकार. पाय गेले, मग उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या.

डॉक्टरांनी गोड बोलून फसवलं नाही. म्हणाले, "गेलेले पाय परत येणार नाहीत. एक औषध आहे, त्यानं आजाराची चाल कदाचित मंदावेल. पण हे औषध हृदयावर जाऊ शकतं, पुढे क्वचित रक्ताचा कर्करोगही होतो. आणि अंगातली राखण कमी झाली की साधा तापही महागात पडेल."

अक्का म्हणाल्या, "म्हंजी राखणीचं कुत्रं आपल्यालाच चावतंय, म्हणून त्याला बांधून घालायचं. मग लांडगं आलं तर?"

डॉक्टर हसले. "लांडग्यावर नजर तुम्ही ठेवायची."

जीपमधून परतताना त्यांनी माझा हात घट्ट धरला. "पाय गेलं तर गेलं, कुसुमे. हात मातूर मला पायजेत." झालं, ठरलं! हृदयाची तपासणी, रक्त, छातीचा फोटो, सगळं करून पहिली बाटली लागली. दुसऱ्या दिवशी लघवी निळीहिरवी झालेली पाहून अक्का म्हणतात, "अगं बया, कपड्यांची नीळ पाजली का काय मला!" असं होणार हे डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं, तरी आम्ही दोघी हसून बेजार.

पण आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर ती जन्माची अढी. कवठे येमाईची त्यांची मावशी अंगात ताप असताना आली, अक्कांचा चेहरा ओंजळीत धरला, मुके घेतले, कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. माया हो, दुसरं काय! दोन-चार दिवसांत अक्का तापानं फणफणल्या. पुन्हा पुणं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार तळाला गेलेल्या. थोरले दीर, अक्कांचे मालक, म्हणाले, "बास झालं. औषध बंद."

खाटेवरून आवाज आला, "ताप औषधानं न्हाई, मावशीनं आणला. रक्त सुधारलं की पुढची बाटली लावा."

डॉक्टरांनी रक्त, हृदय पुन्हा तपासलं, मात्रा कमी करून औषध सुरू केलं. पण पाहुण्याला आत येऊ नका म्हणायचं कसं? त्यापेक्षा शिवी दिलेली बरी. तोड अक्कांनीच काढली. पेटीतली चांगली घोंगडी बाहेर काढायला लावली आणि अंगणातल्या लिंबाखाली पसरायला सांगितली. घोंगडीवर बसवलेला माणूस रुसणार कसा? स्वतः खिडकीत बसून ओरडायच्या, "बसा! लांबूनच बोला, मला ऐकू येतंय!" मग काय, गावाची गुपितं मोठमोठ्यानं आमच्या अंगणात!

हृदयाला झेपेल तेवढं औषध झालं आणि डॉक्टरांनी ते थांबवलं. मधे बरीच वर्षं बरी गेली. आजार हळूहळू परत चढला, शेवटी न्यूमोनियानं नेलं. मला त्यांची फार आठवण येते. पण औषध घेतल्याचा पस्तावा त्यांना कधी झाला नाही, मलाही नाही.

परवा मावशी आली. पार वाकलीय. दार सताड उघडं होतं. मी म्हटलं, "या की आत, आता कसली भीती?"

"न्हाई गं बाई, हितंच बसते. ती वरडंल."

मी घोंगडी पसरली. मावशी तिच्या काठावरून हात फिरवत बसली. गेल्या थंडीत तो काठ उसवला होता. अक्कांनी खिडकीत बसून, स्वतःच्या हातांनी तो शिवला होता.

"टाकं बघ कसं सरळ हाईत," मावशी म्हणाली.