ब्रेकवर वाजणारा रेडिओ

माझे सासरे तुमसरचे धानाचे व्यापारी. त्यांच्याकडे एक जुनी अँबॅसिडर होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्यांच्या भाच्याने दुबईहून गाडीत बसवायचा रेडिओ-टेप आणि छोट्या विजेच्या मोटरवर आपोआप वर-खाली होणारी एरियल आणली. सासरे हे दोन्ही बसवायला भंडाऱ्याच्या मिस्त्रीकडे गाडी पाठवणार होते. मी हायस्कुलात नववी-दहावीला विज्ञान शिकवत होतो. मी म्हणालो, "मिस्त्री कशाला? मी आहे ना."

सासऱ्यांनी विचारलं, "जवाईबापू, तुमाले जमते काय हे?"

"ओहमचा नियम मी दरवर्षी शिकवतो," मी म्हणालो. आज हे वाक्य आठवलं की कान गरम होतात.

एका रविवारी सकाळी त्यांच्या राइस मिलच्या आवारात मी कामाला लागलो. आवार उताराचं आणि गाडीचा हँडब्रेक कामातून गेलेला, म्हणून ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून बसला. एरियलसाठी मडगार्डला भोक पाडताना ड्रिल घसरलं आणि नुकत्याच मारलेल्या रंगावर बोटभर लांब ओरखडा उठला. मग डॅशबोर्डखाली डोकं घालून, हातातल्या बारीक बल्बने मी करंट असलेली वायर शोधू लागलो. एका वायरला बल्ब पेटला. मी रेडिओ आणि एरियल दोन्ही तिलाच जोडले.

बटण फिरवलं. गाणं लागलं, एरियल घुरघुरत वर आली. मिलमधले हमाल पोती टाकून पाहायला आले. सासूबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं आणि थोडं मलाही. मग मी रेडिओ बंद केला आणि ड्रायव्हर उतरला.

चार दिवसांनी शहापूरला लग्न होतं; तोवर गाडी बाहेर काढली नव्हती. मी मुद्दाम पुढे बसलो आणि रेडिओ लावला. गाडी निघाली आणि रेडिओ गप्प झाला.

"इथे लहरी नीट पोचत नाहीत," मी मागे वळून सासऱ्यांना सांगितलं.

मोहाडीजवळ म्हशी आडव्या आल्या. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, तसं गाणं फुटलं आणि एरियल वर येऊ लागली. म्हशी गेल्या, गाणं गेलं, एरियल खाली. वरठीच्या रेल्वेफाटकापर्यंत असं पाच-सहा वेळा झालं. प्रत्येक वेळी मी नवीन कारण दिलं. एकदा तर मी झाडांनाही दोष दिला.

शेवटी ड्रायव्हर खालच्या आवाजात म्हणाला, "सर, ब्रेक दाबला का बोलते, सोडला का चूप होते."

तेव्हा मला कळलं. त्या रविवारी याचा पाय ब्रेकवर होता, म्हणून बल्ब पेटला होता. ब्रेक दाबल्यावरच मागे पेटणाऱ्या दिव्याच्या वायरला मी रेडिओ जोडला होता.

सासऱ्यांनी घड्याळ पाहिलं. "बातम्यांचा टाइम झाला. गाडी बाजूले घे."

मोहाच्या झाडाखाली गाडी थांबली. ड्रायव्हर ब्रेक दाबून बसला आणि सासऱ्यांनी पूर्ण बातम्या ऐकल्या, हवामानासकट. मग म्हणाले, "आवाज साफ आहे."

लग्न आटोपून परतताना आम्ही भंडाऱ्याला मिस्त्रीकडे गेलो. त्याने डॅशबोर्डखाली पाहिलं आणि बराच वेळ डोकं बाहेर काढलं नाही. "शेटजी, हे कोनं जोडलं?"

मी त्याला उजेड दाखवायला बॅटरी धरून शेजारीच उभा होतो.

"होता नागपूरचा एक मानूस," सासरे म्हणाले. "लई शिकलेला."

"मंग बरोबर आहे," मिस्त्री म्हणाला. पंधरा मिनिटांत त्याने काम संपवलं.

गाडीत बसल्यावर मी सासऱ्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "घरी नोका सांगू." मी नाही सांगितलं. पण ड्रायव्हरने सांगितलं. पुढचे कित्येक दिवस मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला, तरी बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "राहू द्या, मी लावते."