बांगड्याला नारळ

घोडपदेवच्या चाळीत दत्तू परबच्या खोलीत शिरायचं तर अंग चोरूनच शिरावं लागतं. उजवीकडे कॉट, डावीकडे कपाटाएवढं व्हिडिओ गेमचं मशीन, आणि मधल्या वीतभर वाटेतून त्याची आई तुळसाबाई गेली सत्तावीस वर्षं ये-जा करते आहे. लग्न का केलं नाहीस असं कोणी विचारलं की दत्तू मशीनकडे बोट दाखवतो. "जागा हिने खाल्ली." खरं तर दोन ठिकाणी मुली बघायला गेला असताना त्याने गेमवर पाऊण-पाऊण तास भाषण दिलं होतं, हे तो स्वतःच हसत हसत सांगतो.

दत्तू लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचे वडील ज्या गिरणीत विणकर होते तिच्या जागेवर आता पन्नास मजली टॉवर आहे आणि त्या टॉवरची लिफ्ट दत्तूकडे. संप झाला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. वडील घरी बसले ते बसलेच, आईने खाणावळ काढली. पुढे जरा मोठा झाल्यावर दत्तूला कोथिंबीर आणायला पाठवायचे आणि तो लालबागच्या गेम पार्लरमध्ये सापडायचा. तिथे हे मशीन होतं. नाव जपानी, ते कोणाला वाचता येईना. पडद्यावर एक मासा जाळी चुकवत पळायचा म्हणून पोरांनी त्याचं बारसं केलं, 'बांगडा'. सत्त्याण्णव साली पार्लर बंद पडलं, मशीन भंगारात निघालं, आणि दत्तूने ते हातगाडीवर घालून घरी आणलं.

तेव्हापासून तो जुन्या गेमचा कैवारी झाला. "पुस्तक छापायचं बंद झालं तरी दादरच्या वाचनालयात मिळतं," तो टॉवरच्या वॉचमनलासुद्धा ऐकवायचा. "गेम बंद झाला की खल्लास! कंपनी स्वतः विकत नाही, दुसऱ्याला देऊ देत नाही. आणि जपायचं म्हणजे काचेत ठेवायचं नाही, माणसांना खेळता आलं पाहिजे!" ऐकणारा भारावून म्हणायचा, "मग येऊ का खेळायला?" त्यावर दत्तूचं उत्तर ठरलेलं. "ये की, बघायला ये. हात नको लावू, दांडी नाजूक आहे."

दादरच्या मृणालिनी मॅडम पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेल्या. जुने गेम गोळा करणाऱ्या मंडळींत त्यांचा शब्द मोठा. दोन वर्षांपूर्वी मशीनचा आवाज गेला तेव्हा दत्तूने आतलं सर्किट त्यांच्याकडेच नेलं होतं. त्या म्हणाल्या, "दत्तू, हा गेम दुसरीकडे कुठेही सापडत नाही. यातल्या चिपची नक्कल करून ठेवू द्या."

"नक्कल म्हणजे चोरी, मॅडम," दत्तू ताठ मानेने म्हणाला. कंपनी बुडून तीस वर्षं झाली होती. चोरी नेमकी कोणाची, हे त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

यंदाचा दसरा आला. गिरणीत दसऱ्याला मागाची पूजा व्हायची. संपाच्या वर्षी पूजायला माग नव्हता, तेव्हा वडिलांनी आईच्या पोळपाट-लाटण्याला झेंडू वाहिला होता. दत्तू ती रीत बांगड्यावर पाळायचा. हळदकुंकू, हार, आणि बंद मशीनसमोर नारळ. यंदा मात्र व्हिडिओ काढून मंडळींना पाठवायची हौस आली. चालू पडदा छान दिसेल म्हणून त्याने बटण दाबलं, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि भक्तिभावाने पाणी शिंपडलं. चार थेंब शिंपडायचे, त्याने अर्धी वाटी उडवली. पाणी वरच्या जाळीतून थेट आत गेलं. चट् आवाज झाला, वास सुटला, मासा मधोमध तुटला आणि पडदा काळा पडला.

लिफ्टच्या पॅनेलजवळ ओल्या छत्रीचा दांडा दिसला तरी सोसायटीच्या सेक्रेटरीला झापणारा हा माणूस!

तुळसाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे मेल्या, तुझो बापूस मागाक फूल घालायचो. पाणी नाय."

दुसऱ्या दिवशी काळवंडलेलं सर्किट टॉवेलात गुंडाळून दत्तू दादरला गेला. मॅडमनी भिंग लावून पाहिलं आणि मान हलवली. चिप जळली होती. जगातला शेवटचा बांगडा दत्तूने स्वतःच्या हाताने, मंत्र म्हणून मारला होता. बसायला खुर्ची होती तरी तो उभाच राहिला.

"एक सांगू? रागावू नका," मॅडम म्हणाल्या. "आवाज दुरुस्त करायला दिलात ना, तेव्हा मी नक्कल काढून ठेवली. न विचारता. तुमच्या भाषेत चोरीच."

दत्तूला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या.

"नवी चिप भरून देते. नकलेचं काय करू? पुसून टाकू?"

वडिलांचा माग दत्तूने कधी पाहिलाच नव्हता. तो कसा चालायचा हे दाखवणारं आता कोणी उरलं नव्हतं. "नको, नको," तो घाईने म्हणाला. "सगळ्यांना द्या. ज्याला पाहिजे त्याला खेळू दे."

अकराव्या दिवशी मॅडमकडून एक फोटो आला. जळगावच्या कालिंदी नावाच्या शिक्षिकेने घरच्या कॉम्प्युटरवर बांगडा खेळून दत्तूच्या दुप्पट गुण मिळवले होते. सत्तावीस वर्षं दत्तू बांगड्यात पहिला होता. चाळीत, मुंबईत, बहुधा जगातही, कारण दुसरा खेळाडूच नव्हता. त्याला वाईट वाटलं, अगदी खरं वाईट वाटलं, जेवताना दोन घास कमी गेले. मग हात धुऊन त्याने मॅडमकडून नंबर घेतला आणि जळगावला फोन लावला.

"बाई, सातव्या जाळ्यातून तुम्ही सुटलात कशा? मी तिथेच मरतो, अजून."

"पळायचं नाही हो," पलीकडून उत्साहाने उत्तर आलं. "जाळं आलं की त्याच्याच दिशेने जायचं, खालून वाट असते. आणि आठव्यात काय होतं माहितीये का?"

"नाही," दत्तू म्हणाला आणि कॉटवर मांडी घालून बसला. "सांगा ना."

पुढचा तासभर दोघं बोलत होते. बांगड्याबद्दल बोलायला त्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणी मिळालं होतं.