चौथ्या गाण्यातला श्वास

मी संशयी आहे. हे मला कुणी नव्यानं सांगायला नको, दूधवाल्यापासून विहीणबाईंपर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय. पण माझा संशय सहसा फुकट जात नाही, हेही तितकंच खरं. आमचे हे भरदिवसा खोलीचं दार लोटून घ्यायला लागले, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली ती काही उगाच नाही.

ह्यांचा धंदा कापाकापीचा. गाण्याच्या स्टुडिओत हे टेप कापायचे. गायक श्वास घेतो, खाकरतो, कुणाची तरी खुर्ची करकरते. ती जागा ह्यांनी कानानं शोधायची, पांढऱ्या पेन्सिलीनं खूण करायची, ब्लेडनं तेवढा तुकडा काढून तिथं कोरी पट्टी चिकटवायची. काढलेला तुकडा लगेच फेकायचा नाही, भिंतीवरच्या खिळ्याला लटकवायचा. मालकानं काम पास केलं की मगच तो कचऱ्यात. ऐंशीच्या दशकात सॉफ्ट रॉकची चलती होती आणि त्या लोकांना सगळं गुळगुळीत लागायचं. त्यातला एक अल्बम भलताच गाजला. कव्हरवर गायक पांढरा कोट घालून मोटारीला टेकलेला, म्हणून आमच्या घरात त्या अल्बमचं नाव पांढरा कोट. "त्यात एक श्वास सापडला तर मिशी उतरवीन," असं हे आल्यागेल्याला ऐकवायचे.

पण त्यानंतर स्टुडिओनं ह्यांना पुन्हा बोलावलं नाही. का, ते ह्यांनी कधी सांगितलं नाही. मग हे रेडिओ दुरुस्त करायला लागले आणि मी वर्षानुवर्षं एकच टुमणं लावलं, "मालकाला काहीतरी बोलला असाल, तुमच्या जिभेला हाड नाही."

आता इतक्या वर्षांनी कंपनी पांढरा कोट नव्यानं काढणार होती. इंटरनेटवर त्याचं एक पान होतं, तिथं ऐकणाऱ्यांची मतं मागवली होती. दार लोटून हे तेच बघत बसायचे. मी चहा घेऊन गेले की झटकन पडद्यावर हवामान आणायचे. समोर एवढी मोठी खिडकी असताना कॉम्प्युटरवर हवामान? कुठंतरी पाणी मुरत होतं. हे बाहेर गेल्यावर मी सुनेला बसवलं आणि ते पान काढायला लावलं.

काय एकेक मतं! एकानं लिहिलं होतं, हा अल्बम म्हणजे दाताच्या डॉक्टरकडं वाट बघत बसल्यासारखं. दुसरा म्हणे, ड्रम प्लॅस्टिकचे आहेत पण माझं लग्न ह्याच गाण्यांवर जमलं, तेव्हा गप्प बसतो. एक बाई सॅक्सोफोनवर फिदा. मग सून थांबली.

"आई, हे ऐका. 'चौथ्या गाण्यात गायक थांबतो आणि सॅक्सोफोन सुरू होतो, त्या मधल्या जागेत एका बाईचा श्वास आहे. इतक्या स्वच्छ अल्बमवर हा डाग.' खाली कंपनीनं लिहिलंय, नव्या आवृत्तीत काढून टाकण्याचा विचार आहे."

"मग?"

"मग सहा जण विनवण्या करतायत. काढू नका, ठेवा, तोच एक जिवंत आवाज आहे."

सहा जण, सहा टोपणनावं. जुना कान, रविवारचा श्रोता, असली काहीतरी. मी चष्मा लावून स्वतः वाचलं. सहाही मतांच्या शेवटी एकच शब्द होता, 'कळावे'. आमचे हे किराण्याच्या यादीखालीसुद्धा 'कळावे' लिहितात.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या स्टुडिओत कोरस म्हणायला एक बाई यायची. टाचा एवढ्या उंच की जिन्यापासून टकटक ऐकू यायची, म्हणून मी तिला टकटकच म्हणायचे. मी माळ्यावरची बॅग काढली, चार कपडे भरले आणि बहिणीला फोन केला. "कदाचित तुझ्याकडं येईन. राहायलाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला मी सरळ विचारलं, "टकटकचाच ना तो श्वास?"

"कोण टकटक?"

"मला बनवू नका! इतकी वर्षं तिचा श्वास जपलात, आणि आता सहा नावांनी तिची वकिली करताय?"

ह्यांनी कप खाली ठेवला. "अगं, तुझा आहे तो."

मला हसूच आलं. खोटं बोलायचं तर निदान जरा बरं तरी बोलावं माणसानं.

"लिफ्ट बंद होती," हे म्हणाले. "तू सात महिन्यांची पोटुशी. डबा घेऊन तीन मजले चढलीस आणि रेकॉर्डिंग चालू असल्याचा दारावरचा लाल दिवा न बघता सरळ आत घुसलीस. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. मला कापताना ऐकू आला. कापला, खिळ्याला लटकवला. दोन दिवस डोळ्यांसमोर लटकत होता. फेकवेना. परत चिकटवला."

"आणि मालकाला कळलं?"

"उशिरा कळलं. तोवर रेकॉर्डी छापून झाल्या होत्या."

म्हणजे नोकरी त्यापायी गेली होती, आणि मी ह्यांच्या जिभेला दोष देत बसले होते. मला रडू आलं. पण संशयी माणसाचं रडूसुद्धा पुरावा मागतं.

"कशावरून माझा?"

"तू धापा टाकताना श्वास दोन तुकड्यांत घेतेस. अर्धा, मग अडकतो, मग उरलेला. मला आता तो ऐकू येत नाही गं, बारीक आवाज कानातून गेलेत. पण तो तिथं आहे, एवढ्यावर माझं भागतं."

मी जेवणाचा डबा हातात घेतला, खाली रस्त्यापर्यंत गेले आणि तीन मजले चढून आले. शेजारीण विचारत होती, काय झालं म्हणून. वर सून हेडफोन लावून तयार. तिनं एका कानानं चौथं गाणं ऐकलं, दुसऱ्यानं मला.

"आई," ती म्हणाली, "सेम टू सेम."

बॅग परत माळ्यावर गेली. आणि त्या पानावर श्वासाच्या बाजूनं सातवं मत पडलं, ते माझं होतं. डाग म्हणणाऱ्याची मी चांगली खरडपट्टी काढली.

महिन्याभरानं नवी रेकॉर्ड आली. ह्यांनी दोन्ही हातांनी धरून ती लावली आणि चौथ्या गाण्यावर सुई ठेवली. गायक थांबला. मी जीव कानांत गोळा करून ऐकलं. मधली जागा धुतल्यासारखी स्वच्छ. सॅक्सोफोन सुरू झाला.

"आला?" ह्यांनी विचारलं.

उभ्या जन्मात मी कुणाचं खोटं खपवून घेतलं नाही. "आला," मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी आयुष्यभर ह्यांच्याकडं पाहत आले. "पुन्हा लाव बरं."

मी सुई मागं नेली. गायक थांबला, तशी मी ह्यांच्या उजव्या कानाशी वाकले. मुद्दाम धापा टाकायची गरजच नव्हती, छाती आपोआप भरून आली होती. अर्धा श्वास, मग अडकला, मग उरलेला.

"आला," हे म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

दुपारी ह्यांनी त्या पानावर पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं मत लिहिलं: 'श्वास ठेवल्याबद्दल आभारी आहे. कळावे.' आता कंपनी काय उत्तर देईल, देव जाणे. ज्या माणसानं जन्मभर लोकांचे श्वास शोधून कापले, त्याला स्वतःच्या कानाशी घेतलेला श्वास कळला नसेल? मला संशय आहे. पण मी विचारणार नाही.