उतरायच्या बाजूची चाकं

अमरावतीहून अकोल्याला जाताना बडनेऱ्याजवळ रस्त्याच्या कडेला तो भेटला. नाव मी विचारलं नाही. लिंबाच्या झाडाखाली बसून तो गाड्यांची अॅल्युमिनियमची चाकं आरशासारखी चमकवून द्यायचा. मी मुलगी पाहायला निघालो होतो. आमच्या घरातली पहिली नोकरी माझी आणि पहिली गाडीही माझीच, जुनी घेतलेली. तिची चाकं पार मळकट झाली होती.

पॉलिश लावून त्यानं फडकं फिरवलं, तसं फडकं काळंकुट्ट झालं. मी घाबरलो.

"काळं निघून राह्यलं, म्हंजे चमक येऊन राह्यली, भाऊ," तो म्हणाला.

चाक झालं की त्यात बघून तो मिशीला पीळ द्यायचा आणि मगच पुढच्या चाकाकडे सरकायचा. या थाटात दोनच चाकं झाली आणि माझी निघायची वेळ झाली.

"तुमी उतरसान त्याच बाजूचे केले," तो म्हणाला. "सारे तिकडंच पाह्यतीन."

परतताना मी मुद्दाम थांबलो.

"काय भाऊ, जमलं?"

"काय मालूम! निघतानी तिनं गाडीले फेरा मारला अन् म्हने, इकडचे दोन कोन घासनार?"

तो पोट धरून हसला. "मंग जमलं ना! ज्याले गाडी घ्याची राह्यते, तोच फेरा मारून पाह्यते."

तो तिसऱ्या चाकाला भिडला. मी घरी फोन लावला.

"आई, मले पोरगी पसंत आहे. अन् मीबी तिले पसंत असीन, असं वाटून राह्यलं."