टाकीचा वास

आमच्या धरणावर मासेमारी सोसायटीची एकच मोटरबोट आहे, पत्र्याची. तिची पेट्रोलची टाकी मागच्या फळीखाली, बोटीच्या पोटातच पक्की बसवलेली. सुटी असती तर उचलून बाजूला ठेवली असती आणि माझ्यावर ही वेळच आली नसती.

यंदा इंजिन धरून ठेवणारी मागची लोखंडी चौकट तडकली. मेडशीहून वेल्डर बोलावला. चौकट टाकीला लागूनच, म्हणून आधी टाकी रिकामी करणं आलं. हे काम बाबांचं. त्यांनी बोट शेडमधून ओढून उघड्यावर, वाऱ्याला घ्यायला लावली, बॅटरीच्या तारा सोडल्या आणि बिडीवाल्यांना शिव्या घालत बांधापलीकडे हाकललं. गावात सगळे तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढतात, बाबांना त्याचा भारी राग. त्यांनी रबरी गोळ्याचा हातपंप लावला आणि खाली मातीवर ठेवलेल्या लोखंडी कॅनमध्ये पेट्रोल उतरवू लागले. मग पाणी घालून टाकी खंगाळायची, तेही पाणी कॅनमध्येच काढायचं, धरणात थेंब जाऊ द्यायचा नाही. शेवटी बाबा टाकीच्या तोंडाशी वाकतात, वास घेतात आणि "झालं" म्हणतात. त्यांनी झालं म्हटलं की सोसायटीत कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. साध्या माणसाला एवढा मान पुष्कळ झाला.

मी नटबोल्टचे पाने आणायला घरी गेलो होतो. परत आलो तेव्हा बाबा टाकीवरून उठत वेल्डरला म्हणत होते, "झालं. लाव तुई मशीन."

आणि मला तर वीस पावलांवरून पेट्रोलचा भपकारा आला. "थांबा" एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण माझ्या जिभेला हाड नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी ओरडलो, "कायले जीव घेता लोकायचा? तुमचं नाक कोरोनातच मेलं बाबा! वास येत नाई तं सांगता कायले?"

कोरोनात बाबांना महिनाभर चव नव्हती, वास नव्हता. नंतर सगळं परत आलं होतं. त्यावरून आम्ही घरात थट्टा करायचो, तीच मी चारचौघांत त्यांच्या तोंडावर फेकली. वेल्डर माझ्याकडे न बघता मशीनची वायर गुंडाळू लागला. बाबांनी हातपंप माझ्या हातात दिला आणि बाजूच्या दगडावर जाऊन बसले.

मग मी शहाणा कामाला लागलो. कोपऱ्यात राहिलेलं पेट्रोल ओढलं, दोनदा पाणी फिरवलं, झाकण उघडं ठेवून टाकीवर वाकून बसलो. बराच वेळ गेला. वाकलो, वास घेतला, पुन्हा घेतला. काही नाही. मान ताठ करून मी वेल्डरला म्हणालो, "आता झालं. आता लाव."

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. लांबूनच तिने पदर नाकाला लावला. "अबबब, केवढा वास येऊन राह्यला! अन् हे मशीन कायले काढलं?"

मी पुन्हा वाकलो. मला खरंच काही येत नव्हतं. इतका वेळ त्या वाफेत बसून माझं नाक बसलं होतं, आणि माझ्याआधी तितकाच वेळ तिथे बाबा बसले होते. आई म्हणाली, "गोठ्यातल्या मानसाले शेनाचा वास येते काय कधी?" सगळे हसले. मलाही हसून सोडून दिलं, मला कोणी मेलेल्या नाकाचा म्हटलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. वेल्डरने मात्र बोटीजवळ मशीन लावायला साफ नकार दिला. आम्ही चौकटीचे नटबोल्ट खोलले आणि ती पार रस्त्याच्या कडेला नेऊन जोडून घेतली.

संध्याकाळी जेवताना मी कसंबसं म्हणालो, "बाबा, नाक सगळ्यायचंच बसते. माह्यंबी बसलं. तुमचं काही खराब नाही."

"नाई रे," ते भाकरी मोडत म्हणाले. "तू म्हनला तवा मलेबी पटलं. कोरोनापासून कमीच झालं असन."

मी पुष्कळ समजावलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं बोलून गेलो, असंही कबूल केलं. ते रागावले असते तर मी पाय धरले असते. पण ते रागावलेच नव्हते. त्यांनी माझं म्हणणं खरं मानलं होतं, आणि त्यावर माझ्याकडे काही उपाय नव्हता. आता सोसायटीतलं कोणी टाकीचं विचारायला आलं की ते माझ्याकडे बोट दाखवतात.

परवा आम्ही दोघं ओसरीवर बसलो होतो. शेजारी कोणी लसणाची फोडणी दिली असावी. माझ्याआधी बाबांनी मान वळवली, भिंतीकडे बघून दोनदा हुंगलं. मग जरा घुटमळले आणि हळूच मला विचारलं, "काई वास येऊन राह्यला काय रे?"

"हो बाबा, लसनाचा. तुमाले आधी आला."

"तुले येते न," ते म्हणाले, "मंग असन."